अ‍ॅट-लार्ज निकालांचा तक्ता : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

व्याप्ती ठरली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी ज्या निवडणुकीत अख्खे राज्य हाच मतदारसंघ होता (म्हणजे 'अ‍ॅट-लार्ज'), अशी १७८८ ते २०२४ मधली प्रत्येक निवडणूक घ्यायची. सिनेट नाही, कारण तिथे राज्यभर मतदान हाच नेम आहे. वॉशिंग्टन शहर, ग्वाम, पोर्तो रिको इथून जाणारे मतदानाचा हक्क नसलेले प्रतिनिधीही नाहीत.

'अ‍ॅट-लार्ज' या एकाच शिक्क्याखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि त्या एकत्र मोजल्या की पुढची सगळी बेरीज बिघडते. म्हणून 'प्रकार' हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. राज्याला जागाच एक असेल तर 'एक' : आज अलास्का, डेलावेअर, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, व्हरमाँट आणि वायोमिंग. जागा अनेक, पण सगळ्या राज्यभर मतदानाने भरल्या असतील तर 'सर्व'. यालाच जनरल तिकीट म्हणतात. काही जागा मतदारसंघांच्या आणि वरच्या काही राज्यभराच्या असतील तर 'जादा'. उमेदवार अमुक भागातलाच हवा, पण मत साऱ्या राज्याने द्यायचे, अशी पद्धत असेल तर 'निवास'. १७८९ मध्ये जॉर्जिया आणि मेरीलँडने ही शेवटची पद्धत वापरली. काही याद्यांत ते मतदारसंघनिहाय निकाल म्हणून दिसतात, कारण उमेदवाराच्या नावापुढे भागाचे नाव असते. पण मते साऱ्या राज्याची असतात.

६ ऑगस्ट

जोडणीची चावी, म्हणजे दोन फायलींतल्या ओळी ज्या रकान्यांवरून जुळवायच्या ते रकाने. हल्लीच्या फायलींत अ‍ॅट-लार्ज जागा कुठे ०, कुठे ००, कुठे १, कुठे 'एएल' अशी लिहिलेली असते. जनगणना विभागाच्या संकेतांत ०० म्हणजे अ‍ॅट-लार्ज आणि ९८ म्हणजे मतदानाचा हक्क नसलेला प्रतिनिधी. आपण मूळ संकेत जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात ठेवतो आणि आपला 'प्रकार' त्याच्या शेजारी लिहितो. मूळ संकेत पुसायचा नाही.

त्याहून मोठा धोका जोडणीत आहे. दोन फायली 'राज्य + वर्ष + मतदारसंघ' एवढ्यावर जोडल्या की एका जागेच्या राज्यात काही कळत नाही. दोन जागांच्या राज्यात मात्र दोन विजेत्यांच्या चार ओळी होतात आणि नऊ जागांच्या राज्यात एक्क्याऐंशी. संगणक चूक दाखवत नाही, नुसती मते फुगतात. चावीत उमेदवाराचा क्रमांक हवाच. जोडणीनंतर ओळींची संख्या आधीइतकीच आहे ना, हे दर वेळी पाहायचे.

'जागा' आणि 'दर मतदारामागे मते' हे दोन रकाने वेगळे. ते नेहमी सारखे नसतात. डेलावेअरला १७८९ मध्ये जागा एकच होती, पण मतदाराने दोन नावे द्यायची आणि त्यातले एक दुसऱ्या काउंटीतले (राज्याच्या जिल्ह्यातले) हवे, असा नियम होता. आपल्याच काउंटीच्या माणसाला सगळ्यांनी उचलून धरू नये, हा त्यामागचा हेतू.

९ ऑगस्ट

पहिली निवडणूक. पेनसिल्व्हेनियाने २६ नोव्हेंबर १७८८ रोजी आठही जागा जनरल तिकिटावर भरल्या. फेडरलिस्टांची (नव्या राज्यघटनेच्या समर्थकांची) आठ नावांची यादी होती आणि विरोधकांचीही आठांची. काही नावे दोन्हींकडे चालतील अशी होती, आणि जर्मन मतदारांनी आपली माणसे जास्त असलेल्या सुधारित याद्या फिरवल्या. फेडरलिस्ट यादीतले सहा आले. उरलेल्या दोन जागा पीटर म्यूलेनबर्ग आणि डॅनियल हीस्टर या जर्मन वंशाच्या उमेदवारांना मिळाल्या. पीटरचा भाऊ फ्रेडरिकही निवडून आला आणि सभागृहाचा पहिला सभापती झाला. या निवडणुकीत पक्षाच्या रकान्यात एकच मूल्य भरले तर ही सारी हालचाल नाहीशी होते. म्हणून १८२४ पर्यंतच्या ओळींना 'यादी' हा जादा रकाना दिला आहे आणि एका उमेदवाराला एकाहून अधिक याद्या लावता येतात.

न्यू जर्सीत १७८९ साली मतदान कधी बंद करायचे हे कायद्यात नव्हतेच. फेब्रुवारीत सुरू झालेले मतदान पश्चिमेकडच्या काउंट्यांनी लवकर संपवले, तर एसेक्स काउंटीत ते एप्रिलपर्यंत चालू राहिले. गव्हर्नर लिव्हिंग्स्टन यांनी मार्चमध्ये एसेक्सची मते न धरता चार विजेते जाहीर केले. तक्रार प्रतिनिधिगृहात गेली आणि त्या चौघांची निवड कायम राहिली. 'मतदान दिनांक' हा एक रकाना इथे पुरत नाही. 'सुरुवात' आणि 'अखेर' असे दोन केले.

या काळात मतपत्रिका हाताने लिहिलेल्या किंवा पक्षाने छापून दिलेल्या असत. 'जॉन', 'जॉ.' आणि आडनावाचे तीन हिज्जे हे काउंटीच्या पत्रकात तीन वेगळे उमेदवार म्हणून येतात. एकत्र करायचे असतील तर मूळ ओळी ठेवून वर एक 'जुळवलेला उमेदवार' क्रमांक द्यायचा. थेट बेरीज करायची नाही, कारण काही वाद नेमके याच हिज्जांवरून झाले आहेत.

१३ ऑगस्ट

न्यू जर्सी, १८३८. सहा जागा, जनरल तिकीट. जोसेफ रँडॉल्फ या व्हिग पक्षाच्या उमेदवाराच्या निवडीवर वाद नव्हता. उरलेल्या पाच जागांवर होता. मिडलसेक्स काउंटीतल्या साउथ अँबॉयची आणि कंबरलँडमधल्या मिलव्हिलची मते काउंटीच्या कारकुनांनी वरच्या पत्रकात धरलीच नाहीत. ती सोडली तर पाच व्हिग जिंकतात, धरली तर पाच डेमोक्रॅट. गव्हर्नर विल्यम पेनिंग्टन यांनी राज्याच्या मोठ्या शिक्क्याची प्रमाणपत्रे व्हिगांना दिली. इतिहासात या प्रकरणाला 'ब्रॉड सील वॉर' म्हणतात.

दोन गावांच्या मतांवर एवढे अडले, कारण डिसेंबर १८३९ मध्ये सभागृहात दोन्ही पक्ष जवळपास बरोबरीत होते आणि या पाच जागा ज्याच्या त्याचे बहुमत. सभागृहाचा क्लर्क ह्यू गारलँड याने वादातली पाच नावे पुकारायलाच नकार दिला. कामकाज ठप्प झाले. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना तात्पुरते अध्यक्षस्थानी बसवावे लागले आणि १६ डिसेंबरला कुठे रॉबर्ट हंटर सभापती निवडले गेले. १८४० मध्ये पाच डेमोक्रॅटांना जागा मिळाल्या.

जनरल तिकिटाचा हा मूळ स्वभाव. सहाही उमेदवारांची मते जवळजवळ सारखी असतात, म्हणून एक पेटी इकडची तिकडे झाली की एक नव्हे, पाच जागा फिरतात. मतदारसंघ असते तर साउथ अँबॉयचा वाद एका जागेपुरता राहिला असता.

तक्त्यात 'विजेता' हा रकाना काढून टाकला. त्याऐवजी तीन : 'मोजणीनुसार', 'प्रमाणपत्रानुसार', 'सभागृहात बसलेला'. बहुतेक ओळींत तिन्ही एकच असतील. जिथे नाहीत तीच ओळ अभ्यासाची.

१४ ऑगस्ट

१८४२ चा जागावाटप कायदा, म्हणजे कोणत्या राज्याला किती जागा हे ठरवणारा. एका मतदारसंघातून एकच सदस्य, ही अट पहिल्यांदा घातली गेली. आदल्याच वर्षी अलाबामाने मतदारसंघ सोडून पाचही जागा राज्यभर भरल्या होत्या आणि पाचही डेमोक्रॅटांना गेल्या होत्या. एकाने केले की दुसरा करतो, ही भीती होती. तरीही पुढच्या निवडणुकीत न्यू हॅम्पशायर (४), जॉर्जिया (८), मिसिसिपी (४) आणि मिसुरी (५) यांनी जनरल तिकीटच चालवले. १८४४ मध्ये सभागृहाने या एकवीस जणांना बसू दिले. समितीचा अहवाल स्टीव्हन डग्लस यांनी लिहिला होता आणि त्यात ही अट राज्यांवर बंधनकारक नाही असे म्हटले होते. या ओळींना 'कायद्याविरुद्ध, पण मान्य' अशी खूण.

१९ ऑगस्ट

टक्केवारी आणि विजयाचे अंतर. या तक्त्याचा कणा हाच आहे, म्हणून इथे सविस्तर.

उदाहरण मोंटाना, १९१६. दोन जागा, राज्यभर मतदान, प्रत्येकाला दोन मते. जॉन इव्हान्स (डेमोक्रॅट) ८४,४९९. जेनेट रँकिन (रिपब्लिकन) ७६,९३२. हॅरी मिचेल (डेमोक्रॅट) ७०,५७८. इव्हान्स आणि रँकिन निवडून आले. रँकिन अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या महिला सदस्य.

आता रँकिन किती मतांनी जिंकल्या? अनेक ठिकाणी 'साडेसात हजारांहून अधिक मतांनी' असे छापलेले सापडते. ८४,४९९ वजा ७६,९३२ करा, ७,५६७ येतात. म्हणजे हे इव्हान्स त्यांच्या पुढे किती होते ते अंतर आहे. रँकिन यांची जागा ज्याच्यामुळे जाऊ शकली असती तो मिचेल, आणि त्याच्यापेक्षा त्या ६,३५४ मतांनी पुढे होत्या. पहिला वजा दुसरा हे सूत्र एका जागेचे. दोन जागांना दुसरा वजा तिसरा, नऊ जागांना नववा वजा दहावा. सूत्र एकच : शेवटचा निवडून आलेला वजा पहिला पडलेला. 'अंतर' या रकान्यात फक्त हेच येईल.

टक्केवारीचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही लिहून ठेवायचे. सर्व उमेदवारांच्या मतांच्या बेरजेवर काढली तर रँकिन चोवीस टक्क्यांच्या आसपास येतात आणि त्या पडल्यासारख्या वाटतात. मतदान केलेल्या माणसांवर काढली तर चित्र बदलते. पण माणसे किती, हे जुन्या पत्रकांत बहुधा नसते. बेरीज भागिले दोन केले की माणसांची खालची मर्यादा मिळते, कारण काहींनी एकच मत वापरलेले असते. वरच्या बाजूने त्याच दिवशीचे राष्ट्राध्यक्षपदाचे एकूण मतदान घ्यायचे. मोंटानात ते पावणेदोन लाखांहून थोडे जास्त होते, त्यावर रँकिन सुमारे ४३ टक्के. तक्त्यात 'मतांतला वाटा' आणि 'मतदारांतला वाटा (अंदाज)' असे दोन रकाने राहतील. नुसता 'टक्के' असा रकाना ठेवायचा नाही. तसा ठेवला की कोणीतरी तो एका जागेच्या निवडणुकीशेजारी मांडणार.

दुसरे मत न वापरणे हा निव्वळ आळस नसतो. आपल्या माणसाला एक मत देऊन दुसरे कोऱ्यावर सोडले की त्याच्या स्पर्धकाला आपल्या हातून मत जात नाही. इंग्रजी छापील मजकुरात याला बुलेट मतदान म्हणतात. 'न वापरलेली मते' हा रकाना त्यासाठी, फक्त जिथे माणसांची संख्या पक्की आहे तिथे.

सूत्रे घरच्या निकालावर तपासली. भारतात १९५२ आणि १९५७ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ होते, मतदाराला दोन मते. मुंबई शहर उत्तरमधून १९५२ साली विठ्ठल गांधी आणि राखीव जागेवर नारायण काजरोळकर निवडून आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, अंतर १४,५६१. इथे आपले सूत्र एक पायरी वाढवावे लागते, कारण आधी राखीव जागा ठरते आणि उरलेली जागा बाकी सर्वांत जास्त मतांना जाते. हीच तरतूद १९५७ मध्ये पार्वतीपुरमला व्ही. व्ही. गिरी यांच्या आड आली : दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना गेल्या. भारताने हे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद केले. अमेरिकेच्या ओळींत राखीव पायरी लागत नाही, पण सूत्र दोन्हीकडे बरोबर चालले.

२४ ऑगस्ट

१९३२. सगळ्यात दाट वर्ष.

१९२० च्या जनगणनेनंतर जागावाटप झालेच नाही. १९३० नंतर झाले तेव्हा वीस वर्षांचा फरक एकदम अंगावर आला. मिसुरी १६ वरून १३, केंटकी ११ वरून ९, मिनेसोटा १० वरून ९, व्हर्जिनिया १० वरून ९. जागा कमी झाल्या की जुने मतदारसंघ वापरताच येत नाहीत. नवे आखावे लागतात. मिनेसोटात विधिमंडळाने आखणी केली आणि गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी ती नाकारली. विधिमंडळाचे म्हणणे, आखणीला गव्हर्नरची सही लागतच नाही. 'स्मायली विरुद्ध होम' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आखणी हा कायदाच आहे, नकाराधिकार लागू होतो, आणि नवी आखणी नसेल तर सर्व जागा राज्यभर. मिसुरीचा 'कॅरोल विरुद्ध बेकर' त्याच धर्तीवर निकाली निघाला. व्हर्जिनियाची आखणी राज्याच्याच न्यायालयाने 'ब्राउन विरुद्ध साँडर्स' मध्ये रद्द केली, कारण मतदारसंघांची लोकसंख्या फार विषम होती.

निकाल पाहा. मिसुरी : तेराही डेमोक्रॅट. केंटकी : नऊही. व्हर्जिनिया : नऊही, नॉरफोककडच्या मतदारसंघातून आलेले रिपब्लिकन मेनाल्कस लँकफर्ड राज्यभराच्या मतदानात वाहून गेले. रूझवेल्टची लाट होतीच, पण लाटेतही काही मतदारसंघ टिकतात. राज्यभर मतदानात टिकायला कोपराच उरत नाही.

मिनेसोटा मात्र एकतर्फी गेले नाही, म्हणून ही ओळ बारकाईने भरली. आधी दहापैकी नऊ रिपब्लिकन आणि एक फार्मर-लेबर या तिसऱ्या पक्षाचा होता. १९३२ मध्ये फार्मर-लेबर ५, रिपब्लिकन ३, डेमोक्रॅट १. तीन मोठे पक्ष, प्रत्येकाचे नऊ उमेदवार, मतदाराला नऊ मते. एवढ्या लांब मतपत्रिकेवर लोकांनी पक्षाची रांग सोडून ओळखीची नावे निवडली. रिपब्लिकनांचे तीन विजेते पाहिले की हे उघड होते : हॅरल्ड नटसन १९१७ पासून सदस्य, थिओडोर क्रिस्टियनसन माजी गव्हर्नर, रे चेस माजी राज्य लेखापरीक्षक. एका पक्षाच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मते मिळालेल्या उमेदवारांतले अंतर आता 'तिकिटातली फट' म्हणून आपोआप मोजले जाते. फट लहान असेल तर लोकांनी पक्षाला मत दिले, मोठी असेल तर माणसाला. दोनपेक्षा जास्त जागांच्या प्रत्येक निवडणुकीला हा आकडा लावायचा. माझ्या मते या तक्त्यातला सर्वांत बोलका रकाना हाच ठरेल.

चारही राज्ये १९३४ मध्ये मतदारसंघांकडे परतली. नॉर्थ डकोटा नाही. तिथे दोन जागा १९३२ पासून १९६० पर्यंत राज्यभर मतदानानेच भरल्या. विल्यम लेमके १९३६ मध्ये युनियन पार्टीतर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते आणि त्याच दिवशी प्रतिनिधिगृहावर पुन्हा निवडूनही आले. एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या तर पुनरुक्ती समजून काढू नये.

२६ ऑगस्ट

'जादा' प्रकार. जागा वाढल्या आणि आखणी झाली नाही की जुने मतदारसंघ तसेच ठेवून वाढीव जागा राज्यभर. १८८२ मध्ये कॅन्ससचे तीन मतदारसंघ आणि चार जादा, म्हणजे जादाच जास्त. त्याच साली मेनच्या जागा पाचावरून चारवर आल्या आणि चारही राज्यभर झाल्या. ती ओळ 'सर्व' मध्ये. १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया ३२ अधिक ४. १९३२ मध्ये न्यूयॉर्क ४३ अधिक २, टेक्सास १८ अधिक ३, ओहायो २२ अधिक २, इलिनॉय २५ अधिक २.

इथे मतदाराच्या हातात दोन वेगळ्या निवडणुका असतात, म्हणून पक्षाची एकूण मते काढताना मतदारसंघाची आणि जादा जागेची मते कधीही मिळवायची नाहीत. न्यूयॉर्कमध्ये एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळीवर असू शकतो. मते ओळीनुसार वेगळी ठेवून उमेदवाराची बेरीज वर.

नावांची खबरदारी : १९३२ मध्ये ओक्लाहोमाच्या जादा जागेवर निवडून आलेले विल रॉजर्स हे शिक्षक होते, त्याच नावाचे विख्यात विनोदी कलावंत नव्हेत. आपोआप जुळवणी करणारी साधने दोघांना एक करतात.

महिला सदस्यांच्या यादीत हा प्रकार पुन्हा पुन्हा येतो : इलिनॉयमधून १९२८ साली रूथ हॅना मॅकॉर्मिक आणि १९४४ साली एमिली टॅफ्ट डग्लस, न्यूयॉर्कमधून १९३४ पासून कॅरोलाइन ओडे. यावर वेगळी टिप्पणी लिहिण्यासारखी आहे.

३० ऑगस्ट

अलाबामा, १९६२. जागा ९ वरून ८, आखणीवर एकमत नाही. मग त्यांनी काढलेली वाट अशी : डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक (पक्षाचे उमेदवार ठरवणारी) जुन्या नऊ मतदारसंघांत, तिथले नऊ विजेते पुन्हा राज्यभर, प्रत्येक मतदाराने आठांना मत द्यायचे, शेवटचा बाद. १९६२ मध्ये मोबीलचे फ्रँक बॉयकिन बाद झाले. १९६४ मध्ये याच फेरीत कार्ल एलियट गेले. १९५८ चा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा ज्यांनी पुढे नेला तेच. त्याच वर्षी फेडरल न्यायालयाच्या आदेशामुळे मुख्य निवडणूक नव्या आठ मतदारसंघांत झाली आणि आठपैकी पाच जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या. म्हणून अलाबामा १९६४ ची प्राथमिक फेरी तक्त्यात, मुख्य निवडणूक बाहेर. 'फेरी' रकाना भरल्याशिवाय ही ओळ स्वीकारली जाणार नाही.

१९६२ चे 'जादा' : टेक्सास, मिशिगन, ओहायो, मेरीलँड, कनेटिकट, प्रत्येकी एक. १७ फेब्रुवारी १९६४ ला 'वेसबेरी विरुद्ध सँडर्स' निकालाने मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी समान हवी असे ठरले. मिशिगन आणि कनेटिकट लगेच बदलले; टेक्सास, ओहायो, मेरीलँडमध्ये १९६४ लाही जादा जागा राहिली.

डिसेंबर १९६७ मध्ये काँग्रेसने एकापेक्षा अधिक जागांच्या राज्यांना मतदारसंघ सक्तीचे केले. आखणी रखडली तर न्यायालये सर्व जागा राज्यभर करतील आणि दक्षिणेत नुकताच मताधिकार हाती आलेल्या कृष्णवर्णीयांची मते बहुसंख्येत बुडतील, ही भीती त्यामागे होती. १९३२ चे आकडे पाहिल्यावर ती अनाठायी वाटत नाही. हवाई आणि न्यू मेक्सिकोला एका निवडणुकीची सवलत मिळाली. न्यू मेक्सिकोने ती घेतली नाही, हवाईने घेतली. १९६८ मध्ये स्पार्क मात्सुनागा आणि पॅट्सी मिंक राज्यभराच्या मतांवर आले. 'सर्व' प्रकारची शेवटची ओळ ती.

२ सप्टेंबर

'एक' प्रकार सरळ आहे, अलास्का सोडून. निक बेगिच यांचे विमान १६ ऑक्टोबर १९७२ ला बेपत्ता झाले, तरी नोव्हेंबरमध्ये त्यांनीच डॉन यंग यांना हरवले. मार्च १९७३ च्या पोटनिवडणुकीत यंग आले आणि मार्च २०२२ मध्ये निधन होईपर्यंत राहिले. म्हणजे १९७२ ला 'मोजणीनुसार' बेगिच, 'सभागृहात बसलेला' रिकामा.

२०२२ ची पोटनिवडणूक पसंतीक्रमाने : मतदार उमेदवारांना क्रम देतो, तळाचा बाद झाला की त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. जूनच्या प्राथमिक फेरीत ४८ उमेदवार. १६ ऑगस्टला अंतिम फेरी आणि त्याच दिवशी नोव्हेंबरच्या नियमित निवडणुकीची प्राथमिक फेरी, बरीचशी नावे तीच. तारखेवरून ओळखायला गेले तर दोन्ही मिसळतात. चावीत 'मुदत' (निवडणूक कोणत्या कार्यकाळासाठी) घातली. शेवटच्या मोजणीत मेरी पेल्टोला ९१,२६६, सारा पेलिन ८६,०२६. हे आकडे फक्त शेवटपर्यंत टिकलेल्या मतपत्रिकांचे आहेत, म्हणून पहिल्या पसंतीची मते वेगळ्या ओळीत.

वायोमिंग २००६ : बार्बरा क्यूबिन ९३,३३६, गॅरी ट्राउनर ९२,३२४; अंतर १,०१२. मोंटाना १९९२ ते २०२० 'एक', २०२२ पासून तक्त्याबाहेर.

५ सप्टेंबर

प्रकाशनापूर्वीच्या तपासण्या बसवल्या. विजेत्यांची संख्या जागांइतकी आहे का. कोणाही उमेदवाराची मते राष्ट्राध्यक्षपदाच्या एकूण मतदानापेक्षा जास्त नाहीत ना. असतील तर बहुधा दोन पक्षांच्या ओळी दोनदा मिळवल्या गेल्या आहेत. काउंट्यांची बेरीज राज्याच्या आकड्याशी जुळते का. न जुळल्यास दुरुस्त करू नये, फरक तसाच लिहावा. न्यू जर्सीच्या १८३८ च्या ओळी इथे अडकणार, आणि त्या अडकायलाच हव्यात.

पुढचे काम : मिनेसोटा १९३२ ची काउंटीवार मते. तीन मोठ्या पक्षांचे सत्तावीस उमेदवार आणि सत्याऐंशी काउंट्या. भरणी दोघांनी स्वतंत्रपणे करायची, मग तुलना. सुरुवात हेनेपिन आणि रॅम्सीपासून. मिनियापोलिस आणि सेंट पॉल तिथेच आहेत, 'तिकिटातली फट' शहरात जास्त की गावाकडे हे आधी तिथेच दिसेल.